मदत हवी आहे: सगळेच कॉल करतात (समोरच्याएवढा दाव टाकून डावात राहतात), अशा मंडळींत पोकरची टुर्नामेंट कशी जिंकायची?

राम राम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. कापसाची वेचणी आटोपली की एकाआड एक शनिवारी आम्ही नऊ जण आमच्या ओसरीवर नो लिमिट होल्डेमची टुर्नामेंट लावतो: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधात सगळ्यांची मिळून पाच, अन् दाव कितीही. पैसा अजिबात नाही. पोळ्याच्या पत्त्यांत लोकांचं काय काय गेलं ते लहानपणापासून पाहिलंय, म्हणून हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले तेव्हाही आमचं काही अडलं नाही. आधी बाद होणाऱ्या तिघांनी पुढच्या खेपेला रोडग्यांचं पीठ, वांगी अन् गोवऱ्या आणायच्या. पहिला येईल त्याच्या घरी पितळेचा गडवा जातो.

चिप म्हणून तूर २५, हरभरा १०० अन् चिंचोका ५००. प्रत्येकाला तिन्ही आठ-आठ, म्हणजे ५,०००. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं टाकायचा सक्तीचा लहान अन् मोठा दाव, २५-५० पासून, दर वीस मिनिटांनी दुप्पट.

दोन हंगाम झाले, मी कायम चौथा नाहीतर पाचवा. गडवा एकदाही घरी आला नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ब्लफ शिकलो, पण इथं कोणी पानं टाकतच नाही. मोठा दाव लावला की समोरून एकच उत्तर, "पाहू तं दे भाऊ, तुह्याकडे काय हाय!" अन् चिंचोके पुढं सरकतात.

मागच्या शनिवारचा डाव सांगतो. ब्लाइंड १००-२००, माझ्याजवळ ४,६००. हातात एक्क्यांची जोडी. मी ५०० केले, पाच जण आले. मधात ३,०००. फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, बदामाची नव्वी, बदामाची सत्ती, चौकटचा राजा. मी १,००० लावले, दोघं आले. पुढचं पान किलवरची सत्ती. माझं सगळं मधात गेलं अन् शेजारच्या काकांनी सत्ती-तिर्री दाखवली, म्हणजे त्यांच्या तीन सत्त्या. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरी अडचण शेवटची. चांगल्या पानांची वाट पाहत बसतो अन् ढीग विरघळून जातो. २००-४०० ला ३,२०० उरले तर काय करायचं? जाणत्यांनी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, आधी ब्लफ सोडा. जो पानं टाकतच नाही त्याला घाबरवून काय मिळणार? तुमच्या ओसरीवर चिप येतात त्या खऱ्या पानांवर. त्यांचा पुरता भाव घ्या.

एक्क्यांची जोडी एकासमोर सुमारे ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर ७३, पाच जणांसमोर ४९ वर येते. म्हणजे नशीब फुटलं नव्हतं, ५०० करून तुम्हीच पाच जणांना आत घेतलं. तिथं १,२०० करायचे. चौघं आधीच २००-२०० टाकून बसले असतील तर आणखी वर. तुमची मंडळी तरी येतीलच, पण एक-दोघंच.

फ्लॉपवरही तेच. मधात ३,००० असताना १,००० लावले, म्हणजे येणारा ५,००० च्या ढिगासाठी १,००० देतो. दोन बदाम धरून बसलेल्याचा रंग (पाच बदाम) पुढच्या पानावर पुरा व्हायची शक्यता १९ टक्के, पाचात एक. तुम्ही त्याला नेमका तोच भाव दिला. २,५०० तरी लावायचे होते.

लहान जोड्या सुरुवातीलाच स्वस्तात पाहा. फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं. लागलं नाही तर मुकाट्यानं टाका.

प्रतिसाद २
शेवटच्या अडचणीवर बोलतो. ४०० च्या ब्लाइंडला ३,२०० म्हणजे आठ मोठे ब्लाइंड. एका फेरीत ६०० असेच जातात, अन् त्यानंतर ब्लाइंड दुप्पट. दहाच्या खाली आलात की ऑल-इन (सगळ्या चिप मधात) नाहीतर फोल्ड (पानं टाकणं), मधलं काही नाही. कोणती तरी जोडी, एक्का अन् सोबत बरं पान, राजा-राणी, एवढ्यावर आपण आधी सगळं मधात ढकलायचं. तुमच्याकडे कॉल होतोच, म्हणून सत्ती-अठ्ठीसारख्या पानांवर नको.

अन् राग मानू नका, पण चौथा-पाचवा येणारा माणूस रोडग्याचं सामान चुकवायला खेळतो. गडव्यासाठी मधेच बाद व्हायची तयारी ठेवा.

मूळ धागाकर्ता
दोघांचे आभार. शेवटचं वाक्य लागलं, खरंच आहे ते. सहा जण उरेपर्यंत मी हात आखडता घेतो. एक राहिलं: समोरच्यानं आधी ऑल-इन केलं तर याच पानांवर कॉल करू का?

प्रतिसाद २
नाही भाऊ. स्वतः ढकलताना दुसरा पानं टाकण्याची थोडी तरी आशा असते, कॉल करताना ती नसते. दश्शीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. समोर ते सत्ती-तिर्रीवाले काका असले तर थोडं सैल सोडा.