जुनी टाटा १६१३ (ट्रक) सेल्फ घेते, इंजिन फिरतं पण स्टार्ट होत नाही, डिझेल पंप उतरवायचा का?

निफाडचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी. घरची १६१३ आहे, १९९७ चं मॉडेल, ६ सिलेंडरचं ६९७ इंजिन, साधा इनलाईन डिझेल पंप (सिलेंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा). कांद्याच्या भाड्यावर असते. गेले पंधरा दिवस सकाळी त्रास देतीये, सेल्फ मारला की इंजिन चांगलं गरगर फिरतं पण पकडतच नाही, आठ-दहा वेळा मारून बॅटरी उतरायला लागते मग धक्का देऊन नाहीतर ट्रॅक्टरने ओढून चालू करायची. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही, ताकद पण आहे. सुरुवातीला वाटलं थंडीमुळे असेल कारण आमच्याकडे डिसेंबरात पारा फार खाली जातो, पण परवा ऊन होतं, दुपारी तीन तास उभी होती तरी तेच. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, उतरवून नाशिकला कॅलिब्रेशनला (तपासून सेट करायला) टाका. खर्च वीस हजाराच्या पुढे सांगतोय. वडिलांच्या हातची गाडी आहे, विकायची नाहीये. काय करू?

जुना_पंपवाला
दादा पंपाला हात लावू नका अजून. मी आयुष्यभर हेच काम केलंय, पंप खराब झाला की गाडी दिवसभरही त्रास देते, ताकद कमी होते, चढाला दम सोडते. तुमची चालू झाल्यावर व्यवस्थित चालतीये म्हणजे पंपावर संशय सगळ्यात शेवटी.
आधी एक सांगा, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? दुसऱ्या माणसाला मागे उभं करून बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलेंडरमध्ये पोचतंय पण पेटत नाहीये, मग कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला हवेचा दाब), टायमिंग, डिझेल फवारणारे नोझल किंवा सेल्फचा वेग बघायचा. अजिबात धूर नसेल तर डिझेलच पोचत नाहीये. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेटतं, त्यामुळे अर्धं उत्तर धूरच देतो.
आणि इंजिन बंद करायची केबल बघा. ओढली की ती पूर्ण परत येते ना? जुन्या गाडीत केबल गंजून अडकते आणि पंपावरचा लिव्हर बंदच्या जागीच राहतो, मग दिवसभर सेल्फ मारा, डिझेल सुटणारच नाही.

घाटातला_ड्रायव्हर
एअर फिल्टर काढून स्टार्टिंग स्प्रे मारा, एका झटक्यात उठते. स्प्रे नसेल तर पेट्रोलचा बोळा धरा, आम्ही कायम तेच करतो.

जुना_पंपवाला
कृपा करून हे करू नका. स्प्रे पिस्टन वर यायच्या आधीच पेटतो, त्या धक्क्याने रिंगा तुटू शकतात, पिस्टनला तडा जाऊ शकतो. पेट्रोलच्या बोळ्याने तर केबिनजवळ आग लागू शकते. आत्ता बिघाड दोन-तीनशे रुपयांचा असेल, त्यापायी इंजिन उघडायची वेळ आणू नका.

निफाडचा_गाडीवाला
काका बघितलं. धूर नाही, अजिबात नाही. केबल ठीक आहे, लिव्हर पूर्ण परत येतो. आणि एक गोष्ट आत्ता लक्षात आली, टाकी फुल असते तेव्हा सकाळी लगेच चालू होते, अर्ध्याच्या खाली गेली की त्रास. याचा काही संबंध असेल का?

जुना_पंपवाला
हेच तर पाहिजे होतं! डिझेलची लाईन हवा धरतीये. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, म्हणून तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. गाडी उभी राहिली की फटीतून हवा शिरते आणि लाईनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं. टाकी भरलेली असली की तिथली पातळीच वर असते, त्यामुळे डिझेल कमी उतरतं. म्हणूनच मेकॅनिकला ओल दिसत नाही आणि तो पंपाला दोष देतो.
आता असं करा. पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा, त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. मग फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करून फीड पंपावरचा हातपंप मारा, आधी फेस येईल, मग निखळ डिझेल येईल, तेव्हा स्क्रू आवळा, पुढे डिझेल पंपाचा स्क्रूही तसाच. हातपंपाची मूठ नंतर घट्ट बसवा, ढिली राहिली तर तीच हवा ओढते. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी एका सेल्फला उठली तर दोष टाकीकडच्या लाईनीत.
सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फचं आर्मेचर (आतली तारांची गुंडाळी) जळेल.

रत्नागिरी_टेम्पो
फिल्टरच्या खालचा नट सोडून पाणी निघतंय का तेही बघा, आमच्याकडे पावसाळ्यात हमखास निघतं. आणि दोन्ही बॅटऱ्यांचा मिळून सेल्फ मारताना व्होल्टेज मोजा, १८ च्या खाली जात असेल तर इंजिन फिरताना दिसलं तरी वेग पुरत नाही.

निफाडचा_गाडीवाला
मंडळी, उशिरा लिहितोय. कॅनवर सकाळी सहाला पहिल्या सेल्फला उठली! पाणी निघालं नाही. मग टाकीपासून रबरी नळी हाताने चाचपत आलो, चासीवरच्या क्लिपखाली घासून बारीक चीर पडली होती, बाहेरून धूळ चिकटल्यामुळे दिसतच नव्हती. नळी आणि टोकांच्या बोल्टचे तांब्याचे वायसर सगळे नवीन टाकले, खर्च चारशेच्या आत. आज टाकी पाव असताना रात्रभर उभी होती, दुसऱ्या सेल्फला चालू झाली, कांदा भरून वाशीला गेली. वडील स्वतः उठून बघायला आले होते.

जुना_पंपवाला
फार बरं वाटलं दादा. नवीन नळीला क्लिपच्या जागी रबराचा तुकडा गुंडाळा, नाहीतर तिथेच परत घासेल. दोन्ही टोकांचे चिमटे आठ दिवसांनी एकदा बघा, नवीन रबर बसतं आणि ढिलं होतं.