मदत हवी आहे: दोन लिटरमध्ये कॅनडाची कोणती बिअर बसवू?

मंडळी, डिसेंबरात पुण्याला चाललोय आणि बाबांची फर्माईश आली आहे: "तिकडची चांगली बिअर आण, बघू तरी काय एवढं असतं."

बाबा गेली तीस वर्षं किंगफिशरवाले. शनिवारी एक बाटली, सोबत खारे दाणे आणि लिंबू पिळलेला कांदा. त्यांच्या मते आपल्याकडच्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात. त्यामुळे बाटली उघडली की अंगठा लावून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, तोंडातून दोरीसारखं काहीतरी खाली उतरताना दिसलं की "बघ, निघालं" म्हणायचं, आणि मगच प्यायची. कॅनडाची बिअर म्हणजे शुद्ध, हे त्यांनी न पिताच ठरवून टाकलंय.

अडचण अशी की ड्यूटी न भरता माणशी दोनच लिटर नेता येतात आणि त्यात बिअरही धरली जाते. ४७३ मिलीचे चार कॅन म्हणजे १८९२ मिली. संपला कोटा. बायकोच्या कोट्यावर तिच्या भावाने व्हिस्कीसाठी कधीच नाव लावून ठेवलंय.

मी टोरांटोजवळच्या मिसिसॉगात दीड वर्ष आहे, पण माझी जीभ काही कामाची नाही. मागच्या आठवड्यात मोल्सन कॅनेडियन आणि लबॅट ब्लू बायकोला दोन ग्लासांत ओतायला लावल्या, डोळे मिटून तीनदा ओळखायला गेलो, तीनदा चुकलो. (तिन्ही वेळा चुकणं हेही एक कौशल्यच म्हणा.) उन्हाळ्यात हिरव्या बाटल्यांचा एक बॉक्स बाल्कनीत ठेवला होता. उघडल्यावर असा वास, की इथे रात्री रस्त्यावर स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी) चिरडला गेला की येतो ना, डिट्टो तोच. नाव घेत नाही, कारण चूक माझी की त्यांची तेच कळलेलं नाही.

तर चव आणि दर्जा यांत खरोखर फरक जाणवेल अशा कोणत्या न्याव्यात? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (बिअरवर नको, धाग्यावर.)

प्रतिसाद

कोटा वाढवायचा तर सासूबाईंना सोबत न्या. ह.घ्या.

प्रतिसाद, टोरांटोहून

चूक तुमचीच. हॉप्समधली (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) जी कडू द्रव्यं असतात ती उजेडाने तुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. स्कंकच्या फवाऱ्यात जे असतं त्याचा सख्खा चुलतभाऊ. कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. म्हणून शक्यतो कॅनच न्या. सूटकेसमध्ये फुटायची भीतीही कमी.

आता मोल्सन आणि लबॅट. ओळखता आल्या नाहीत यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन्ही ५ टक्क्यांच्या, हलक्या, किंचित गोडसर धान्याची चव आणि घोट गिळला की मागे काही उरत नाही. तहान लागली असेल तर उत्तम, पण बाबांना त्यात किंगफिशरच दिसेल. वर त्यांना "कॅनडाच्या" म्हणून द्यायच्या तर तिथेही गोची. मोल्सन १७८६ ची, माँट्रिअलची, पण २००५ मध्ये अमेरिकेच्या कूर्सशी एकत्र झाली. लबॅट १८४७ ची, लंडनची (ऑन्टॅरिओतल्या), ती १९९५ मध्ये बेल्जियमच्या कंपनीकडे गेली. ग्वेल्फची स्लीमन २००६ पासून जपानच्या सप्पोरोची. मोठ्यांपैकी अजून घरच्यांच्या हातात आहे ती मूसहेड. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनची, ओलंड कुटुंबाची, १८६७ पासून. कॅनडा देश म्हणून उभा राहिला तेच वर्ष. लागरच आहे (थंडाव्यात आंबवलेली, नेहमीची हलकी बिअर), पण हॉप्सचा थोडा वास नाकाला लागतो. हिरव्या बाटलीतली नको, कॅनमधली घ्या.

चवीत उडी मारायची असेल तर क्रीमोर स्प्रिंग्ज. तांबूस लागर, पावाची भाजलेली कड चावल्यावर लागते तशी खमंग. (तीही २००५ पासून मोल्सनकडे. पण चवीला मालक दिसत नाही.) स्टीम व्हिसलची पिल्सनरही (फिकट लागरच) चांगली. आमच्या टोरांटोत सीएन टॉवरच्या पायथ्याशी रेल्वे इंजिनांच्या जुन्या राउंडहाउसमध्ये बनते, कडवटपणा एकदम स्वच्छ. दोन्हींत मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स, यीस्ट, पाणी, बस्स. शुद्धतेच्या परीक्षेला बाबांसमोर ठेवायला हरकत नाही.

एलसीबीओत (ऑन्टॅरिओचं सरकारी दारूचं दुकान) कॅन उलटा करून तळाची तारीख बघून घ्या. हॉप्सवाली बिअर तीन महिन्यांपुढे गेली की सुगंध उडतो आणि नुसता कडूपणा उरतो.

प्रतिसाद, हॅलिफॅक्सहून

आमच्या गावाला विसरलात! अलेक्झांडर कीथ्स इंडिया पेल एल न्या. कीथ हा स्कॉटलंडहून आलेला माणूस. १८२० मध्ये ब्रुअरी काढली आणि पुढे तीनदा हॅलिफॅक्सचा महापौर झाला. बाबांना डब्यावर "इंडिया" दिसलं की अर्धं काम झालं.

प्रतिसाद, टोरांटोहून

कीथ्सला माझा विरोध. इंडिया पेल एल म्हणजे इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी जहाजाने जायची ती, भरपूर हॉप्सची. कीथ्सचं नाव तेच आहे, चवीत तो कडवटपणा औषधालाही नाही. चारातला एक कॅन त्यावर घालवू नका.

प्रतिसाद, माँट्रिअलहून

ऑन्टॅरिओवाल्यांची चर्चा वाचून करमणूक झाली. चव हवी तर क्युबेककडे या.

शांब्ली गावच्या युनिब्रूच्या दोन घ्या. पहिली ब्लांश द शांब्ली, ५ टक्के. गव्हाची, धुरकट पांढरी, आणि तिच्यात चक्क धणे आणि संत्र्याची साल असते. माझ्या आईने एक घोट घेऊन विचारलं, "यात फोडणी कुणी घातली?" पण ग्लास रिकामा केला. दुसरी ला फॅं द्यू मोंद, म्हणजे जगाचा अंत. ९ टक्के. पिकलेल्या केळ्या-नाशपातीसारखा वास, लवंगेची झाक, आणि पिताना नऊ टक्के कळत नाहीत. उठताना कळतात. एक बाटली दोघांत, लहान ग्लासांत. ३४१ मिलीच्या तपकिरी बाटल्या मिळतात.

दोन गोष्टी बाबांना आधीच सांगून ठेवा. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो खराबी नव्हे. बाटलीतच पुन्हा आंबवलेली असते. आणि कृपया बर्फगार देऊ नका. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर राहू दे. आपल्याकडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायची सवय आहे, त्यात जीभ बधिर होते आणि मग सगळ्याच सारख्या लागतात. मिसिसॉगाकर, तुमची परीक्षासुद्धा बहुतेक त्यामुळेच बुडाली.

धागाकर्ता

बरोबर! ग्लाससुद्धा फ्रीझरमध्ये ठेवले होते. 🙏

पण गाळ बघून बाबा म्हणणार, "ग्लिसरीन." काय सांगू?

प्रतिसाद, पुण्याहून

काही सांगू नका, दाखवा. बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून उलट्या बाटलीतून ती स्वतःच धार धरून खाली उतरते आणि पाणी वर चढतं. ती दोरी म्हणजे बिअरच. किंगफिशर आणि कॅनडाची, दोन्ही त्यांच्याच हातून शेजारी-शेजारी उलट्या करवा. दोन्हींतून "ग्लिसरीन" निघेल. मी हा प्रयोग आमच्या काकांवर केला. त्यांनी निष्कर्ष काढला की परदेशातसुद्धा भेसळ सुरू झाली आहे.

बाय द वे, धण्यांची गव्हाची बिअर प्यायला कॅनडाच कशाला हवा? पुण्यात जागेवरच बनवलेली ताजी बिअर २००९ पासून मिळतेय. बाबांना इथेच एकदा घेऊन जा की.

धागाकर्ता

नेतो, पण आधी मुलाची आणलेली.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल यादी पक्की केली. क्रीमोर ४७३. मूसहेडचा लहान कॅन, ३५५. ब्लांश ३४१, जगाचा अंत ३४१. आणि टोरांटोकर, माफ करा, कीथ्सचा ४७३ चा कॅनही घेतलाय. चवीसाठी नाही. डब्यावरचं "इंडिया" वाचताना बाबांचा चेहरा बघायचाय म्हणून. स्टीम व्हिसल मीच इथे संपवली.

सगळं जुन्या स्वेटरांत गुंडाळून बॅगेत भरलंय. बायकोने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि फोन माझ्यापुढे धरला. १९८३ मिली.

बाबांना फोनवर आकडा सांगितला. पलीकडून आधी कपिलचं नाव आलं, मग विचारलं, "दाणे कुठले आणू, खारे की मसाल्याचे?"