मदत हवी आहे: काचकांड्यांच्या वाद्यात खर्जाचे सूर बोलत नाहीत (ठाणे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुठे अडलंय ते कळणार नाही.

मी ठाण्याला सावरकरनगरात राहते. बाबा बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. त्यांच्या लेथशेजारी पॉवर प्रेस चालायचे आणि त्यातच कान गेले. बारीक, वरचे आवाज त्यांना येतच नाहीत. कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही, माझ्या मुलीचं बोलणं तर अजिबात नाही. खालचे आवाज मात्र अजून येतात. ढोल येतो, तानपुऱ्याचा खर्ज येतो. आमचं हे वाद्य त्यासाठीच चाललंय.

दोन वर्षांपूर्वी मी ‘क्रिस्टाल बाशे’ नावाच्या वाद्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. फ्रान्समधल्या बर्नार्ड आणि फ्रांस्वा बाशे या भावांनी ते १९५२ मध्ये बनवलं. एक इंजिनिअर, दुसरा शिल्पकार. बघायला ते शिल्पच आहे. मागे ज्वाळेसारखं कापलेलं पत्र्याचं उंच पान, वर फायबरग्लासचे कर्णे आणि पुढे ओळीने काचेच्या कांड्या. बोटं ओली करून कांडी चोळायची की सूर निघतो. वीज लागत नाही. काच फक्त थरथर देते. सूर ठरतो तो तिला जोडलेल्या लोखंडी सळईच्या लांबीवर.

बाबांना व्हिडिओ दाखवला तर ते म्हणाले, “हे तर आपल्या कामातलंच आहे.” निवृत्तीनंतर इतक्या उत्साहाने बोललेले मी ऐकले नव्हते. मग त्यांना मैहरच्या नलतरंगाबद्दल सांगितलं. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्यांपासून ते वाद्य करवून घेतलं होतं. अमेरिकेत संगीतकार हॅरी पार्च यांनी बर्कलीच्या प्रयोगशाळेतून टाकून दिलेले काचेचे मोठे बुधले कापून टांगले आणि सप्तकाचे ४३ भाग करून त्यांसाठी संगीत लिहिलं. भंगारातून सूर काढणं ही केवढी मोठी परंपरा आहे, हे बाबांना आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता आमची जुळणी. बोरोसिलिकेट काचेच्या १२ कांड्या, ८ मिमी जाडीच्या, प्रयोगशाळेचं काचसामान विकणाऱ्याकडून आणल्या. प्रत्येक कांडी एम८ (८ मिमी) आट्यांच्या सळईच्या टोकाला काटकोनात इपॉक्सीने चिकटवली. सळया ९ सेंटीमीटरपासून २२ सेंटीमीटरपर्यंत. त्या सगळ्या २५ बाय २५ मिमीच्या, ३ मिमी जाडीच्या लोखंडी अँगलला (एल आकाराच्या पट्टीला) भोकं पाडून नटांनी कसल्या आहेत आणि अँगल लाकडी टेबलाला स्क्रूने बसवलाय. मागे २२ गेजचं स्टीलचं पान, बाबांनी स्वतः कातरलेलं. त्याच्या कडा त्यांनी दोन दिवस कानशीने घासल्या, नातीचा हात कापू नये म्हणून.

वरचे आठ सूर छान बोलतात. खालचे चार नाहीत. कांडी चोळली की नुसतं कर्र, बोट अडकत-सुटत राहतं, मध्येच क्षणभर सूर धरल्यासारखा वाटतो आणि विझतो. बोटं भांड्यांच्या साबणाने धुतली, काच व्हिनेगरने पुसली, पाणी बदललं. फरक नाही. पान मात्र झणझणतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजारणारी झणझण, हवीहवीशी असते, हे तसं नाही. सैल बादलीसारखं वाजतं.

बाबांना ऐकू येतील ते सूर नेमके हेच चार आहेत. त्यामुळे जीव तुटतो.

पानाला पिएझो चकती (थरथरीचा विजेचा संकेत करणारी) लावून मिक्सरमध्ये घेतलं, तर खालचं सगळंच गायब झालं. ते का, हेही सांगा. आणि तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने बाकावर काम करू देणारा एखादा गाळा वागळे, रबाळे, तुर्भे भागात कुणाला माहीत असेल तर कळवा. घरात ड्रिल चालवलं की खालच्या आजींना त्रास होतो आणि त्यांचं बरोबरच आहे.

प्रतिसाद (ऐरोली)

ताई, काच बदलू नका. दोष बहुतेक अँगलमध्ये आहे. सळई घट्ट धरणारा भाग तिच्या मानाने खूप जड हवा. तो हलका असला की तोही सळईबरोबर हलतो आणि तुमच्या बोटाची ताकद टेबलात जिरते. लांब सळयांचं हे आधी जाणवतं. मूळ वाद्यातसुद्धा सळया जड धातूच्या ठोकळ्यात बसवलेल्या असतात.

खात्री करायची असेल तर सर्वात लांब सळई काढून वाइसमध्ये (बाकावरच्या शेगड्यात) आवळा आणि वाजवून बघा. वाइस बाकाला बोल्ट केलेला हवा.

प्रतिसाद (नेरुळ)

पिएझोचं उत्तर सोपं आहे. त्या चकतीला समोरच्या इनपुटचा रोध (इम्पीडन्स) निदान १० लाख ओम लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो साधारण १० हजारच असतो, त्यामुळे खर्ज कापला जातो. मध्ये एक छोटा बफर प्रीअँप टाका, म्हणजे चकतीला जास्त रोध दाखवून संकेत पुढे देणारं छोटं सर्किट. सामान लॅमिंग्टन रोडला मिळेल.

पान झणझणतंय ते बहुधा जिथे धरलंय तिथे. वॉशरखाली पातळ चामडं घालून बघा.

मूळ प्रश्नकर्ती

ऐरोलीकर दादा, तुमचे किती आभार मानू!

काल बाबांच्या जुन्या मित्राच्या गाळ्यात गेलो. २२ सेंटीमीटरची सळई वाइसमध्ये आवळली. मी बोट ओलं करून कांडीवरून हळूच ओढलं आणि सूर लागला. भरदार, लांब, वाइसच्या दांड्यातसुद्धा कळेल असा. बाबा पाठमोरे उभे होते, कुठला तरी ड्रिल बिट निवडत. ते वळले. मी काही बोलले नव्हते. त्यांनी हात पँटला पुसला, बोट पाण्यात बुडवलं आणि स्वतः वाजवलं. चार-पाच वेळा. मग डावा तळवा वाइसवर ठेवून पुन्हा.

आता अँगलऐवजी सळया बसवायला जी जाड लोखंडी प्लेट घ्यायची, तिचं विचारते. ६०० बाय १०० मिमीची प्लेट १२ मिमी जाडीची घेतली तर वजन साडेपाच-पावणेसहा किलो होतं, २५ मिमीची घेतली तर जवळजवळ बारा. बाबा २५ वर ठाम आहेत. ६.८ मिमीचं ड्रिल, आटे पाडायला एम८ चा टॅप, खालून-वरून चेकनट, असं त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहूनही ठेवलंय. टेबल तेवढं पेलेल का?

प्रतिसाद (ऐरोली)

२५ च घ्या, बाबांचं ऐका. टेबलाऐवजी लोखंडी स्टँड करा आणि प्लेटखाली रबराचे तुकडे ठेवा. आणखी खाली जायचं असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा: एका टोकाला धरलेल्या सळईचा सूर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात उतरतो. सप्तकभर खाली जायला लांबी सुमारे १.४१ पट, म्हणजे २२ ची ३१. दुप्पट केली तर दोन सप्तकं उतरतील. काचेचं वजन असल्यामुळे थोडा फरक पडेल, तेव्हा सळई आधी लांबच ठेवा आणि नट फिरवत सुरात आणा.

मूळ प्रश्नकर्ती

३१ ची सळई बाबांनी आत्ताच कापायला घेतली. प्लेट रविवारी आणतोय, त्या मित्रांनी गाळा दिवसभर उघडा ठेवायचं कबूल केलंय. टॅपिंग झालं की फोटो टाकते. चामड्याच्या वॉशरसाठी मुलीची जुनी चप्पल कापलीये, आणि नेरुळकर, पानाची झणझण निम्मी झाली!