टाकी मोठी नको, बैठक बघा

अलिबाग ते मालवण किनाऱ्याने जायला मोटरसायकलला मोठी टाकी बसवावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अजिबात गरज नाही. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. लिटरला ३३ किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तरी चारशेच्या वर किलोमीटर होतात, आणि एवढं अंतर किनाऱ्याने एका दिवसात कापवत नाही, कापूही नये. फक्त सागरी रस्त्यावर दर खाडीला उतार आणि मग लगेच चढ, सारखा दुसरा-तिसरा गिअर. हायवेचं ॲव्हरेज तिथे मिळत नाही, म्हणून मी काटा अर्ध्यावर आला की श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात टाकी भरून घेतो. रिझर्व्हच्या भरवशावर आडगावातून जायचं नाही.

खरा प्रश्न बैठकीचाच आहे. मऊ सीट पहिला तास छान वाटते, नंतर फोम दबतो आणि माकडहाड बोलायला लागतं. फोम थोडा कडक आणि मागे रुंद करून घ्या, फार खर्च येत नाही. जीन्स मात्र नकोच. कोकणातल्या दमट हवेत घामाने ओली होते, शिवणी मांड्यांना काचतात. खड्डा दिसला की फूटरेस्टवर जरा उभं राहायचं, कंबर वाचते.

आणि आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटी चुकवू नका. गाडी बोटीत चढते, तेवढा वेळ पाठ मोकळी होते. वळसा वाचतो, पेट्रोलही.