घरच्या अंगणात जुनी गाडी : तुमचे अनुभव लिहा

बाबांची प्रीमियर पद्मिनी मोटार बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आली, ती घरच्यांच्या आणि मित्रांच्या हातांनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून या गाड्या येणं कधीच थांबलंय, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार ओळखीतूनच सापडतात. म्हणून हा धागा. घरी काय केलंत, मिस्त्रींकडे काय दिलंत, मदतीला कोण आलं, सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. थेट स्टार्टर मारायचा नाही, यावर बाबा ठाम होते. पिस्टनच्या अडकलेल्या रिंगांवर जोर पडला की सिलिंडर ओरखडतो. चारही प्लग काढले, आत थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. फिरलं! टाकीतल्या पेट्रोलचा पार डिंक झाला होता, कार्बोरेटरचे जेट तुंबलेले. टाकी उतरवून धुतली. लेकीने प्लगच्या वायरींना आकड्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. १-३-४-२ हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम तिला आता झोपेतही येतो.

ठाण्याहून : आमच्या फियाटच्या सीट आईने आणि मावशीने शिवल्या. जुनी कव्हरं उसवून त्यांवरूनच रेक्झिन बेतलं, मशीनला जाड सुई लावली. शिवण अगदी मूळच्या रेषेत बसली.

कोल्हापूरहून : आमची जीप हाय. रविवारी सगळे मित्र जमतो. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश (सांध्यात बसणाऱ्या नळ्या) कुठंच मिळेनात, तेव्हा जुना बुश घेऊन उद्यमनगरात गेलो, लेथवर तस्साच कातून दिला. आणि एक कळकळीचं सांगणं : सडलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) थापू नका. खाली गंज चालूच राहतो. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा.

पुण्याहून : रंगाआधी ब्रेक! पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. रबरी सील आणि होज सगळे नवेच टाका. ब्रेकच्या जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

नाशिकहून : आमची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते : नंबरात ‘व्हीए’, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. त्यामुळे इंजिन बदलायचा विचार असेल तर आधी हे ठरवा.

धागाकर्ती : कोल्हापूरकर, आमच्या स्टिअरिंगजवळचा गियरचा दांडा अजून अडखळतो. दांड्याच्या जोडणीतला (लिंकेजचा) बुश पार झिजलाय. तुमच्या लेथवाल्यांना दाखवाल का?

कोल्हापूरहून : पाठवा की. झिजला असला तरी टाकू नका, माप त्यावरनंच काढत्यात. दांड्याचा व्यास मात्र तिथंच मोजून कळवा.