साडेपाच तासांचा फरक म्हणजे सेल नव्हे

मदरबोर्डवरचा सेल नवा टाकला तरी विंडोजमधलं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे, आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) त्याच मशीनवर आहे असं तुम्ही लिहिलंय. मग सेलचा काही दोष नाही. हा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ थेट जुन्या तारखेवर जातं, तेही प्लग काढून ठेवल्यावर. त्यात नेमका साडेपाच तासांचा हिशेब कधीच नसतो.

मदरबोर्डवरच्या घड्याळात वेळ कुठली हे लिहिलेलं नसतं. लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तोच आकडा स्थानिक वेळ समजतं. सकाळी ११ वाजता विंडोज ५.३० दाखवणारच! विंडोजमध्ये वेळ सुधारलीत की उबुंटू साडेपाच तास पुढे पळतं, म्हणून हाताने दुरुस्त करत बसू नका.

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या: timedatectl set-local-rtc 1 मधल्या दोन आडव्या रेघा विसरू नका. मग विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' एकदा दाबा. टाइम झोन दोन्हीकडे भारताचाच हवा, तो आधी बघा.

आज्ञा दिल्यावर हा मार्ग सुचवत नाही असा इशारा येऊ शकतो. उन्हाळी वेळेमुळे (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात त्यामुळे) दोन्ही सिस्टिम तास बदलतात आणि गोंधळ होतो, हे त्यामागचं मोठं कारण. भारतात उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे इथे खुशाल वापरा. अमेरिकेत किंवा युरोपात असाल तर मात्र विंडोजलाच रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यातून) यूटीसी पाळायला लावा.