'मतिमंद आहेस का?' हे चालवून घ्यायचं का?

पाणवठा:
रविवारी सोसायटीच्या मैदानात मुलांची मॅच चालली होती. एकाने हातातला कॅच सोडला. बाकीचे ओरडले, "मतिमंद आहेस का रे?" माझा 14 वर्षांचा भाऊ कडेला बाकावर टाळ्या वाजवत होता. त्याच्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलंय, आणि तो शब्द त्याला ओळखता येतो. चेहरा फुलला त्याचा. म्हणाला, "ताई, तो माझ्या शाळेत आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. आंधळा आहेस का, बहिरा झालास का, येरवड्याला भरती करा याला... घरोघरी चालतं हे. बंद व्हायला हवं.

गावकूस:
वाचून वाईट वाटलं, पण पटलं नाही. त्या पोरांच्या मनात तुमचा भाऊ नव्हताच. आणि थांबायचं कुठे? 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' म्हणायचं नाही? नाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका येतात, ते गाळायचे? शब्द बदलूनही काही होत नाही. 2015 साली पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला. आता आमच्याकडे पोरं त्याच शब्दाने एकमेकांना चिडवतात.

पाऊलवाट:
मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर आहे. भारुडाबद्दल गावकूस यांच्याशी सहमत. तिथला आंधळा म्हणजे आपण सगळेच, त्यात कुणाला हिणवणं नाही.

पण 'मनात नव्हतं' हे मी आयुष्यभर ऐकलंय. गावात मला नावाने फक्त गुरुजी हाक मारायचे, बाकी सगळ्यांचा मी 'लंगड्या'. तीच पोरं मला खांद्यावर बसवून नदीवर न्यायची, फार जीव होता त्यांचा. पुढे लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर जिवलग मित्राच्या आईला पत्रिकेवरचं नाव कुणाचं ते कळेना. माझंच होतं.

खडूफळा:
कायदाही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला, तर 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड. चित्रपटांबद्दलच्या जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांना कमी लेखणारा विनोद आणि त्यांना समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत स्पष्ट फरक केलाय.

गावकूस:
मग काय, कॅचवरून ओरडलेल्या पोरांना चौकीत नेणार? कायद्यातच 'हेतुपुरस्सर' आहे, मी तेच म्हणतोय. पाऊलवाट, नावाचं मात्र मान्य. माणसाचं नावच पुसलं जात असेल तर ते चूकच. पण 'आंधळा कारभार' मी म्हणणार.

पाऊलवाट:
म्हणा की. कारभाराला लग्नाची पत्रिका छापायची नसते.

पाणवठा:
चौकीत कुणालाच न्यायचं नाहीये. ओरडणाऱ्यांतल्या दोघांच्या आयांशी बोलले. एक लगेच समजली, दुसरी म्हणाली, "एवढं काय मनावर घेता!"

भाऊ या रविवारीही मैदानावर जायचं म्हणतोय. कॅच सोडलेल्या त्या मुलाला विचारायचंय त्याला, तू कुठल्या वर्गात आहेस.